"मालकांना उगाच त्रास दिला नाही" तिथेच गाडी अडतेय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पाच वर्षांत हे तिसरं घर, भाडं एकदाही थकवलं नाही, घर लख्ख ठेवता, तरी दरवेळी अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की मालक म्हणतात दुसरीकडे बघा, आत्ताचं अ‍ॅग्रीमेंट संपायला चार महिने राहिलेत आणि मुलाची शाळा जवळ आहे म्हणून अजून चार-पाच वर्षं तरी इथून हलायचं नाहीये, तर आमचं चुकतं कुठे. मी 18 वर्षं मालकांच्या वतीनं भाड्याची घरं सांभाळतोय, भाडेकरू बघणं, दुरुस्त्या करून घेणं, घर ताब्यात घेताना डिपॉझिटचा हिशोब लावणं हे सगळं माझ्याकडे असतं, त्यामुळे मालक मागे काय बोलतात ते मला रोज ऐकायला मिळतं. तुमच्या प्रश्नात मध्येच एक वाक्य येऊन गेलंय, तुम्हाला ते महत्त्वाचं वाटलं नसेल, "सिंकखालचं कपाट दोन महिने झाले फुगलंय पण आम्ही मालकांना उगाच त्रास दिला नाही". माझं निम्मं उत्तर या वाक्यातच आहे.

मालकाच्या जागी बसून बघा. त्याची आयुष्यभराची सगळ्यात मोठी खरेदी दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. भाडं वेळेवर आलं की त्याला बरं वाटतं पण ते तो धरूनच चालतो, रिन्यूअलच्या वेळी त्याच्या मनात वेगळाच प्रश्न असतो की आत काही बिघडून ठेवलं नसेल ना. जवळपास प्रत्येक मालकाचा एकदा तरी असा अनुभव असतो की दोन वर्षं एक फोन नाही, सगळं छान, आणि चावी परत घेतली त्या दिवशी बाथरूमची भिंत पोपडे धरलेली, कपाटाचं दार बिजागरीतून निघालेलं. म्हणून अगदी शांत भाडेकरूची सुद्धा मालकाला धाकधूक असते. तुम्ही ज्याला त्रास न देणं म्हणताय ते त्याच्या बाजूनं बघितलं तर काहीच न कळणं आहे.

दोन घरं सांगतो. एका घरात अतिशय सभ्य गृहस्थ होते, बेडरूमच्या भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग आला, पलीकडच्या बाजूला बाथरूम, भिंतीतला पाइप झिरपत होता. त्यांनी डागासमोर कपाट सरकवलं, त्यांना वाटलं आपल्याकडूनच पैसे मागतील. आठ महिन्यांनी खालच्या घराच्या छताचा गिलावा पडला. दोन घरांची दुरुस्ती, भिंत फोडायला लागली, कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढा खर्च झाला, आणि मालक मला पैशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, ते म्हणाले "एक फोन केला असता ना यांनी". अ‍ॅग्रीमेंट पुढे गेलं नाही. दुसऱ्या घरात एक बाई आहेत, नळाचा वॉशर गेला, दाराचं हँडल ढिलं झालं, गॅलरीत पावसाचं पाणी तुंबतंय, प्रत्येक गोष्टीचा दोन ओळींचा मेसेज. पहिल्या वर्षी मालक माझ्याकडे कुरकुरले की फार मेसेज येतात. तिसऱ्या वर्षी तेच म्हणाले की या गेल्या तर घराकडे बघणार कोण. आता त्यांना त्या घरात नववं वर्ष चालू आहे.

आणि पाण्याच्या बाबतीत तर उशीर करायचाच नाही. ओलं झालेलं लाकूड, प्लायवूड, जिप्सम बोर्ड 24 ते 48 तासांत वाळलं नाही तर बुरशी धरायला लागते, म्हणजे आपण "या रविवारी बघू" म्हणतो तोपर्यंत वेळ गेलेली असते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 20 ते 30 लिटर पाणी घालवतो, नळाचं तोंड उघड्यावर असेल तर ते निदान दिसतं, पण तोच थेंब सिंकखाली किंवा भिंतीत पडत असेल तर सगळं पाणी घर पितं. एक सोपी टेस्ट आहे, घराला पाण्याचं स्वतंत्र मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करायचे, मशीन बंद, मीटरचा फोटो काढायचा, दोन तास पाणी वापरायचं नाही आणि परत फोटो काढायचा, आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. कमोडची टाकी गळतेय का बघायचं असेल तर टाकीत खायच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका, खाली भांड्यात रंग उतरला की समजायचं आतला रबर गेला. वर्षातून दोनदा हे केलंत तरी पुष्कळ आहे.

आता सांगायचं कसं. फोनवर "पाणी गळतंय हो" एवढंच म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, त्याला नेमकं काहीच कळत नाही आणि तो एकदम मोठ्या खर्चाची कल्पना करतो. मेसेज असा हवा की वाचून पुढचं पाऊल ठरवता येईल, काय झालंय, कधीपासून, आत्तापुरतं तुम्ही काय केलंय, थांबण्यासारखं आहे का नाही, आणि माणूस पाठवायचा तर तुम्ही घरी कधी असता. सोबत दोन फोटो, एक जवळून आणि एक लांबून, कारण नुसता जवळून काढलेला फोटो बघून ती भिंत आहे का छत तेच समजत नाही. फोनवर बोलणं झालं तरी नंतर एक ओळ टाका, "आत्ता बोललो त्याप्रमाणे शनिवारी प्लंबर येईल". याला अविश्वास दाखवणं समजू नका, सहा महिन्यांनी दोघांनाही आठवत नाही कोण काय म्हणालं होतं.

पाणी जोरात येत असेल किंवा वायरिंगमधून वास येत असेल तर आधी व्हॉल्व्ह किंवा मेन स्विच बंद, फोन त्यानंतर. म्हणून घरात राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात पाण्याचा मेन कॉक, गॅसचा कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, आणि कॉक खरंच फिरतो का तेही बघा, वर्षानुवर्षं न हलवलेले कॉक जाम होतात आणि ते नेमकं पाणी भरत असताना कळतं. लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज कुठे गळाली की आपोआप बंद होणारा स्विच, असेल तर त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, दर तीनेक महिन्यांनी दाबा, स्विच लगेच खाली पडून वीज बंद झाली पाहिजे, नाही पडला तर त्याच दिवशी मालकांना कळवा कारण तो शॉकपासून माणूस वाचवतो.

खर्च कोणाचा यावरून सगळ्यात जास्त मन कलुषित होतं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला, आणि तुमच्या भागातला कायदा काही म्हणत असेल तर तो आधी. नसेल तर मी दोन्ही बाजूंना हेच सांगतो की रोजच्या वापरानं संपणाऱ्या गोष्टी राहणाऱ्याच्या, म्हणजे बल्ब, रिमोटचे सेल, एसीचा फिल्टर धुणं, केसांनी तुंबलेली मोरी, आणि भिंतीच्या आतल्या, छतावरच्या, घरासोबत दिलेल्या मशीनच्या गोष्टी मालकाच्या. तुमच्या हातून काही फुटलं तर त्यानं विचारायच्या आधी सांगा आणि भरून द्या. वॉशबेसिनला तडा गेला आणि भाडेकरूनं त्याच संध्याकाळी फोटो पाठवून "माझ्या हातून बाटली पडली, मी बदलून देतो, कोणत्या कंपनीचं लावू" असं विचारलं, तर त्या एका मेसेजनं जो विश्वास बसतो तो दोन वर्षांच्या वेळेवरच्या भाड्यानं बसत नाही, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. एक करू नका मात्र, मालकाला न विचारता आपला माणूस बोलावून दुरुस्ती करायची आणि पुढच्या महिन्याच्या भाड्यातून पैसे कापायचे. काम चांगलं झालं असेल तरी त्याला ते जबरदस्तीचं वाटतं. आधी अंदाजे खर्च सांगा, होकार लेखी घ्या, बिल पाठवा, मग कापा.

दमटपणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण डिपॉझिटची सगळ्यात जास्त भांडणं मी यावरूनच बघितलीत. घरात कपडे वाळत घातले की मशीनच्या एका फेरीतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, वर स्वयंपाक, आंघोळ, माणसांचा श्वास, आणि हे सगळं बाष्प घरातल्या सगळ्यात गार जागी जाऊन बसतं, म्हणजे बाहेरच्या भिंतीचे कोपरे आणि कपाटाची मागची बाजू. म्हणून कपाट, पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं तरी जागा सोडा म्हणजे हवा फिरते. आंघोळीनंतर एक्झॉस्ट वीसेक मिनिटं चालू राहू दे. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, आकडा सतत 60 टक्क्यांच्या वर राहत असेल तर खिडक्या, पंखा, एक्झॉस्ट यात काहीतरी बदलायला हवं. आणि एवढं करूनही एकाच जागी डाग वाढत असेल, त्यातून पांढरी भुकटी सुटत असेल, तर पाणी भिंतीतून येतंय, ते तुमच्या राहणीमुळे नाही. ही भुकटी म्हणजे भिंतीतले क्षार असतात, पाणी बाहेर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हा फरक मालकाला फोटोसकट दाखवता आला तर "तुम्ही खिडक्या उघडत नाही" या वादात पडावंच लागत नाही.

साफसफाईच्या हौसेनं पण नुकसान होतं बरं का. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडावर व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं अ‍ॅसिड अजिबात नको, अ‍ॅसिड त्या दगडातलं कॅल्शियम कार्बोनेट खातं, चकाकी कायमची जाते आणि परत पॉलिश करण्याशिवाय उपाय राहत नाही. आणि ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. भिंतीला भोक पाडायचं असेल तर विचारून, आणि स्विचबोर्डच्या किंवा नळाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, वायर आणि पाइप बहुतेक त्याच रेषेत गेलेले असतात. चिकटवायचे हुक निरुपद्रवी वाटतात पण जुन्या रंगावरून ओढून काढले की रंगाचा पापुद्राच सोबत येतो, हेअर ड्रायरनं गरम करून हळू काढा.

पहिल्या दिवसाचे फोटो. हे तुम्ही तिन्ही घरांत केलं नसणार असं मी धरून चालतो, कारण फार थोडे लोक करतात. सामान आत यायच्या आधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ, कपाटं उघडून, नळ चालू करून, आधीचे ओरखडे जवळून, मीटरचे आकडे, चाव्या किती मिळाल्या, आणि हे सगळं त्याच दिवशी मालकांना पाठवून द्यायचं. नुसतं आपल्या फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, दोघांकडे एकच गोष्ट असली पाहिजे. सोडताना मग उन्हानं उडालेला रंग, फरशीवर पलंगाच्या पायाचा हलका ठसा ही नेहमीच्या वापरातली झीज आणि इस्त्रीनं जळालेला ओटा हे नुकसान, हा फरक करायला काहीतरी आधार राहतो. तुम्ही आता मध्यावर आहात तरी आजचे फोटो काढून ठेवा, उशिरा काढलेले पण कामाला येतात.

भाड्याबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही, एवढंच की कधी उशीर होणार असेल तर तारखेच्या आधी सांगा आणि नक्की तारीख द्या. "थोडं लेट होईल" यातल्या थोडं या शब्दानं मालकाची झोप उडते, त्याचा हप्ता कदाचित त्याच भाड्यावर चालत असतो. आणि शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा असं परस्पर ठरवून मोकळं होऊ नका, त्यामुळे सगळी कमावलेली पत शेवटच्या टप्प्यात जाते आणि पुढच्या घरासाठी त्या मालकाचा चांगला शब्द मिळत नाही.

आता रिन्यूअल. बहुतेक भाडेकरू गप्प बसतात, मालक काही बोलला नाही म्हणजे चालूच राहील असं धरतात, आणि मालक तेवढ्यात कोणा ओळखीच्याला शब्द देऊन बसतो. तीन-चार महिने आधी विषय तुम्हीच काढा. वाढीची बोलणी करायची तर आधी त्याचं गणित समजून घ्या, ते गणित तुमच्या बाजूचं आहे. एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8.33 टक्के गेले. समजा मालकाला 10 टक्के वाढ हवीय आणि तुम्ही 5 टक्के म्हणताय, तर वर्षभरात फरक किती, 12 महिन्यांचे 5 टक्के म्हणजे 0.6 महिना, 18 दिवसांचं भाडं. घर अडीच आठवडे रिकामं राहिलं की तो सगळा फरक संपला, वर रंगकाम, कमिशन आणि नवीन माणूस कसा निघेल ही चिंता वेगळीच. हे त्यांना सुनावल्यासारखं बोलू नका, पण "आम्हाला अजून तीन वर्षं नक्की राहायचंय, 5 टक्के दरवर्षी ठरलेले वाढवू, घर एक दिवस रिकामं राहणार नाही" असं म्हटलं की बरेच मालक स्वतःच हिशोब करतात. अजिबात वाढ नको असं मात्र अडून बसू नका. त्याचे टॅक्स, मेंटेनन्स वाढत असतात, आणि बाजारभावापेक्षा फार मागे पडलेलं भाडं हेच पुढे घर सोडायला सांगायचं कारण होतं, पाच वर्षांनी एकदम मोठी उडी मारण्यापेक्षा दरवर्षी थोडं दोघांनाही झेपतं.

शेजाऱ्यांचं पटकन सांगतो, मालकाचे डोळे आणि कान तेच असतात. रात्रीचा आवाज, पार्किंग, कचरा, आणि जास्त दिवस कोणी राहायला येणार असेल तर आधी कळवणं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाव नसलेला माणूस महिनाभर राहतोय हे शेजाऱ्याकडून कळलं तर भाऊ आहे म्हणून सांगितलेलं पण खोटं वाटतं.

एवढं सगळं लिहिलं तरी तुमच्या तीन घरांपैकी एखाद-दुसऱ्यात तुमची काहीच चूक नसेल हेही मला सांगायचंय. काही घरं मुळातच दीर्घकाळ भाड्यानं देण्यासाठी नसतात, विकायला काढलेली असतात आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाड्यानं, किंवा मुलगा परत येईपर्यंत. हे आधी कळतं, फक्त विचारावं लागतं, किती वर्षं द्यायचा विचार आहे, आधीचे लोक किती राहिले आणि का गेले, घर विकायचा विचार आहे का. उत्तर देताना मालक अडखळला तर भाडं थोडं कमी असलं तरी ते घर घेऊ नका, कारण प्रत्येक शिफ्टिंगचा खर्च त्या बचतीच्या वर जातो. आत्ताच्या मालकांना पण हा प्रश्न सिंकचं काम झालं की विचारा, चार महिने हातात आहेत ते याचसाठी वापरा. आणि मालक "राहा की कितीही वर्षं" म्हणाले तर आनंदच आहे पण ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये उतरलं पाहिजे, तोंडी शब्द देणारा माणूस उद्या घर दुसऱ्याला विकू शकतो.

चांगला भाडेकरू म्हणजे सगळं सोसणारा असंही समजू नका. मालकानं न सांगता चावीनं घर उघडून यावं हे बरोबर नाही, यायच्या आधी एक दिवस तरी कळवा असं शांतपणे म्हणा, शक्य तर अ‍ॅग्रीमेंटमध्येच घाला. तीनदा लेखी कळवून, फोटो पाठवून पण जो मालक गळती बघायला माणूस पाठवत नाही तिथे टिकून राहण्याचा आटापिटा करू नका, मुलाची शाळा जवळ असली तरी. ओल्या भिंतीच्या घरात मुलाची छाती भरत राहते, त्यापेक्षा शाळेची बस परवडली.

तर तुमचं सिंक. दोन महिने झालेत म्हणून आता सांगायचं कसं असं वाटत असेल, तर जसं झालंय तसंच सांगा, लपवलेल्या दोन महिन्यांपेक्षा कबूल केलेले दोन महिने बरे. आधी कपाट रिकामं करा, खाली कोरडा कागद अंथरून सिंक भरून एकदम सोडा, कागद कुठे ओला होतो ते बघा, पाण्याच्या जोडणीकडून येतंय का ड्रेनच्या पाइपकडून. ड्रेनचा नट नुसता ढिला असेल तर हातानंच आवळला जातो. दोन्हीचे फोटो काढा, कपाटाचं दार रात्री उघडं ठेवा म्हणजे वाळेल. मग असा मेसेज टाका, "नमस्कार काका, किचनच्या सिंकखाली ड्रेनच्या जोडातून पाणी गळतंय, खालचा प्लाय फुगलाय. दोन महिन्यांपूर्वी लक्षात आलं होतं, तेव्हाच कळवायला हवं होतं, आमची चूक झाली. सध्या कपाट रिकामं करून खाली बादली ठेवलीय. प्लंबर तुम्ही पाठवाल की मी बोलावू? मी रोज सहानंतर आणि शनिवारी दिवसभर घरी आहे. प्लायच्या खर्चात आमचा वाटा द्यायला तयार आहोत." आधी ते काम होऊ दे, प्लंबर येऊन जाऊ दे, झालेल्या कामाचा फोटो त्यांना पाठवा, आणि त्याच्या आठवडाभरानंतर पुढच्या अ‍ॅग्रीमेंटचा विषय काढा.